अधिक-उणे तीन महिने

मिरजेच्या त्या हॉस्पिटलात अस्थिकाल स्कॅनर बसवला, त्या पहिल्या आठवड्यात एक म्हातारे पैलवान तपासणीला आले होते. टेबलावर आडवं व्हायच्या आधीच त्यांनी आपली मोडलेली हाडं मोजून दाखवली. अमक्या साली अमक्या जत्रेत खांदा, तमक्या साली बरगडी, प्रत्येक वेळी समोर कोण होता त्याच्या नावासकट. मशीनने तिन्ही तारखा बरोबर सांगितल्या. शिवाय चौथी एक सांगितली, घोट्याच्या हाडाची. पैलवान हसू लागले.

"ती कुस्तीतली न्हवं. म्हशीनं ढकललं होतं गोठ्यात. कुणाला सांगू नका."

मशीन चालवणारी रेश्मा थोरबोलेही हसली. ती एकोणपन्नास वर्षांची होती आणि पंचवीस वर्षांहून अधिक काळ एक्स-रे, सीटी, एमआरआय करत आली होती. आतापर्यंतचं कुठलंही यंत्र हाड मोडलं होतं एवढंच सांगायचं. केव्हा मोडलं, हे सांगणारं यंत्र ती पहिल्यांदाच हाताळत होती.

त्यामागचं शास्त्र तसं सोपं आहे. हाड मोडलं की शरीर त्या जागी नवं प्रथिन ओततं आणि त्यावर चुना बसवून जोड पक्का करतं. रक्तातली साखर या प्रथिनाला हळूहळू चिकटत राहते. जोड जितका जुना, तितकी चिकटलेली साखर जास्त. हाड आयुष्यभर झिजत आणि नव्याने बांधलं जात असतं हे खरं. पण जोडाच्या आत काही बारीक कप्पे असे असतात की ते पुन्हा कधी बदलत नाहीत. अस्थिकाल स्कॅनर ते कप्पे शोधतो आणि त्यांतली साखर मोजतो. अर्थात प्रत्येकाच्या रक्तातली साखर वेगळी. म्हणून यंत्र आधी त्याच माणसाच्या कानातलं एक हाड वाचतं. ते हाड तान्हेपणी बनतं आणि मरेपर्यंत तसंच राहतं. त्यावरून त्या माणसाचा साखर साठण्याचा वेग कळतो. बाईमाणूस असेल तर आणखी एक आधार मिळतो. गरोदरपणात हाडांवर जी खूण उठते, ती बाळाच्या जन्मतारखेशी जुळवून घेतली की हिशेब पक्का होतो. एवढं केलं की तीस-पस्तीस वर्षांपूर्वीचा घावही अधिक-उणे तीन महिन्यांत सांगता येतो.

यंत्र बनवलं होतं ठिसूळ हाडांच्या आजारासाठी. कुणाची हाडं केव्हापासून कमजोर होत गेली हे कळलं, तर औषध नेमकं देता येतं. पण तारखा लोकांना औषधापेक्षा जास्त बोलक्या वाटल्या. सहा महिन्यांत विमा कंपन्या त्या मागू लागल्या, वर्षभरात वकील. मग रेश्माच्या लक्षात आलं, की साठीपुढच्या बायका कमी येऊ लागल्या आहेत. येत त्या एकट्या. एक बाई टेबलावर पडल्यापडल्या म्हणाली, "ताई, फक्त कमरेचं काढा. वरचं काय बी काढू नका." रेश्माने कमरेचंच काढलं आणि तिला काही विचारलं नाही. त्या बाईबद्दल तिने फारसा विचारही केला नाही.

आणि २०४३ च्या नोव्हेंबरात तिने स्वतःच्या आईला मिरजेला आणलं.

मालनबाई एकाहत्तर वर्षांच्या होत्या. नवऱ्यासोबत तासगावच्या घरात राहायच्या. घर जुनं नव्हतं, पण दोन भावांचं होतं. पुढच्या भागात रेश्माचे थोरले काका, तात्या. मागच्या भागात आई आणि आण्णा. गेल्या दिवाळीपासून मालनबाईंची पाठ धरत होती. हाडांच्या डॉक्टर शबाना मुजावर यांनी साधा एक्स-रे काढला. पाठीत वयाप्रमाणे झीज होती, बाकी काही नव्हतं. डॉक्टरांची नजर मात्र भलतीकडेच गेली. बरगड्यांत चार जुने जोड होते. म्हणून त्यांनी हातांचेही फोटो काढले. डाव्या हातात आणखी एक जोड होता.

"मावशी, एवढी हाडं कशी मोडली तुमची?"

"पडले हो. पाण्याच्या टाकीच्या जिन्यावरून."

"सगळी एकदम?"

"दोनदा पडले."

डॉक्टरांनी रेश्माला बाजूला घेतलं. साध्या पडण्याने पाच हाडं मोडत असतील, तर हाडं तरुणपणापासूनच ठिसूळ असणार. तसं असेल तर दोन वर्षं रोज एक इंजेक्शन घ्यावं लागेल. पण मालनबाईंना मुतखड्याचा त्रास होता आणि त्या इंजेक्शनाने तो बळावला असता. उगाच देण्यासारखं ते औषध नव्हतं.

"अस्थिकाल करून घेऊ," डॉक्टर म्हणाल्या. "हाड मोडलं तेव्हा ते कसं होतं, हेही त्यात कळतं."

मालनबाईंनी नको म्हटलं. मग पुन्हा नको म्हटलं. "जुनं कशाला उकरायचं गं? दुखतीय ती पाठ. बरगड्यांचं काय?"

"आई, दहा मिनिटांचं काम आहे. रोज शंभर बायकांचं करते मी."

शेवटी त्या टेबलावर झोपल्या. यंत्राने आधार म्हणून अपत्याची जन्मतारीख मागितली. रेश्माने स्वतःची जन्मतारीख टाइप केली.

निकाल वीस मिनिटांत आला. डाव्या हाताचं हाड, कोपर आणि मनगटाच्या मध्ये, आणि डावीकडच्या दोन बरगड्या: फेब्रुवारी २००८, अधिक-उणे तीन महिने. उजवीकडच्या दोन बरगड्या: जून २०१०, अधिक-उणे तीन महिने. दोन्ही वेळी हाडाची घनता उत्तम.

डॉ. मुजावरांनी तारखांवरून मालनबाईंचं तेव्हाचं वय काढलं.

"हाडं चांगली होती, रेश्मा. छत्तीस आणि अडतीस वर्षांच्या धडधाकट बाईची हाडं. माणूस पडतो तेव्हा हात टेकतो, मनगट मोडतं. हे मधलं हाड मोडतं ते असं." त्यांनी आपला डावा हात कपाळापुढे आडवा धरला, वरून येणारा मार अडवावा तसा. "मला अहवालात कारण लिहावं लागेल. तेव्हा घरात कोण होतं?"

रेश्माला पहिल्यांदा हायसं वाटलं, कारण पहिला विचार वडिलांचाच आला होता आणि तो खोटा ठरला होता. आण्णा, म्हणजे निवृत्ती थोरबोले, २००५ ते २०१४ मस्कतमध्ये इलेक्ट्रिशियन होते. दोन वर्षांतून एकदा यायचे, तेही डिसेंबरात: २००६, २००८, २०१०. दोन्ही तारखांच्या आसपास ते घरात नव्हतेच.

हायसं वाटणं फार टिकलं नाही. घरात आई होती, ती स्वतः होती आणि तात्या होते. काकू त्याआधीच वारली होती.

तात्या म्हणजे रघुनाथ थोरबोले, एस.टी.च्या वर्कशॉपमधले फोरमन. जून २०१० मध्ये रेश्मा दहावीला ब्याऐंशी टक्के मिळवून पास झाली, तेव्हा तात्यांनीच तिला चेतक स्कूटरवर मागे बसवून सांगलीला नेलं होतं, अकरावी सायन्सच्या प्रवेशासाठी. वाटेत उसाचा रस पाजला होता. फॉर्मवर पालक म्हणून सही त्यांची होती. पुढे दोन वर्षं ते तिला रोज सकाळी स्टँडवर सोडायचे. आयुष्यातला सगळ्यात चांगला दिवस कोणता असं कुणी विचारलं असतं, तर रेश्माने तोच सांगितला असता. आई त्या दिवशी आली नव्हती. तिला ताप होता आणि ती भिंतीकडे तोंड करून झोपली होती.

रेश्माने आईला आपल्या मिरजेच्या फ्लॅटवर नेलं, चहा केला आणि कागद समोर ठेवला.

"आई, तू पडली नव्हतीस."

मालनबाईंनी कागद उचलला नाही. "मला कधी विचारलं नाहीस. यंत्राला विचारलंस."

"आता विचारते."

"आता काय विचारायचं राहिलंय? तारखा आल्यात की."

चहा निवला. मग त्यांनी सांगितलं. आवाज चढला नाही की उतरला नाही. अंगणवाडीत मदतनीस म्हणून त्यांची निवड झाली होती. तात्यांना ते पटलं नाही. भाऊ परदेशात कमावतोय आणि त्याची बायको दुसऱ्यांच्या पोरांची नाकं पुसतेय, लोक काय म्हणतील. मालनबाई तरी गेल्या, आठ दिवस. नवव्या दिवशी तात्यांनी दाराचा अडसर उचलला. रेश्मा शाळेच्या सहलीला गेली होती.

"आणि दोन हजार दहाला?"

"तुझा फॉर्म. दहावी झाली, बास म्हणले. विट्याचं एक स्थळ होतं त्यांच्या मनात. मी शाळेतनं फॉर्म आणला, भरला. तो त्यांना गावला."

"मी कुठे होते?"

"मार्कलिस्ट आणायला."

रेश्माने कागद उलटा करून ठेवला. मालनबाई पुढे बोलत राहिल्या.

"तेव्हा दवाखान्यात डॉक्टर म्हणले, बाई, ही दुसरी वेळ आहे. पुन्हा अशी आलीस तर मला पोलिसांत कळवावं लागंल. भावजी बाहेर बाकड्यावर बसलेले. त्यांनी ऐकलं. रंगच उतरला तोंडाचा. मग घरी आल्यावर मी म्हणले, मी पडले असंच सांगते, सगळ्यांना सांगते, जन्मभर सांगते. पण पोरगी सांगलीला गेली पाहिजे. तुम्ही स्वतः न्यायची, तुम्ही सही करायची." मालनबाईंनी पदराने कप पुसला, पुसण्यासारखं काही नव्हतं तरी. "मी बोलल्याप्रमाणं वागले. तेही वागले. त्यानंतर हात उचलला नाही कधी."

"आण्णांना फोन करायचास."

"फोन भावजींच्या खिशात असायचा गं."

दुसऱ्या दिवशी त्या आपण होऊन डॉ. मुजावरांकडे गेल्या. इंजेक्शनं टळणार असतील तर कारण लिहून टाका म्हणाल्या. डॉक्टरांनी 'मारहाण' असा शब्द लिहिला. मालनबाईंनी वाचायला मागितला, वाचला आणि विचारलं, "कुणी ते नाही लिहीत?"

"उपचारासाठी त्याची गरज नसते, मावशी. पण तुम्ही सांगत असाल तर लिहिते."

"लिहा."

डॉक्टरांनी लिहिलं. मग सांगितलं, की हाडं आजही वयाच्या मानाने घट्ट आहेत, इंजेक्शनं नकोत, पाठीला रोज वीस मिनिटं व्यायाम पुरे. मालनबाईंनी अहवालाच्या दोन प्रती मागून घेतल्या.

एक प्रत त्यांनी तासगावला नेऊन आण्णांना दिली. आण्णांनी चष्मा लावून ती दोनदा वाचली. नंतर ते पायरीवर जाऊन बसले. संध्याकाळी आत येऊन म्हणाले, "तात्या आता ऐंशीचा होतोय. जानेवारीत सत्कार ठेवलाय, पत्रिका छापून झाल्या. ह्या वयात त्याला काय बोलायचं?"

"मला काय बोलायचंय ते विचारलं नाही तुम्ही," मालनबाई म्हणाल्या. त्यांनी चार साड्या, औषधं आणि देवघरातला बाळकृष्ण एका पिशवीत भरला आणि सकाळच्या गाडीने मिरज गाठली. आण्णा स्टँडपर्यंत सोडायला आले. गाडीत चढले नाहीत.

मग रेश्मा एका रविवारी तासगावला गेली आणि पुढच्या दारानेच घरात शिरली. तात्या ओट्यावर पेपर वाचत बसले होते. कान शाबूत, डोळे शाबूत, फक्त हात थोडे थरथरायचे. तिला बघून त्यांना आनंद झाला.

"ये गं. आई कुठाय तुझी? निवृत्ती काय नीट सांगत नाही. सत्काराला तूच बोलायचंस बरं का. घरातली पहिली सायन्सवाली."

रेश्मा उभीच राहिली. "तात्या, आईची हाडं तपासली. मोडलेली. केव्हा मोडली तेही कळलं."

त्यांनी पेपराची घडी घातली. हळू आवाजात विचारलं, "कुठल्या वेळचं म्हणतेस?"

रेश्मा दोन तारखा घेऊन आली होती. त्या प्रश्नाने तिला कळलं, की तारखा दोनच नव्हत्या. हाडापर्यंत पोचलं नव्हतं ते कुठल्याच यंत्राला दिसणार नव्हतं.

"तुम्हीच सांगा," ती म्हणाली.

तात्यांनी सांगितलं नाही. रस्त्याकडे बघत म्हणाले, "तेव्हा घर माझ्या अंगावर होतं. निवृत्ती तिकडं. आई-बाप गेलेले. मला वाटायचं, काही इकडं-तिकडं झालं तर जबाब मला द्यावा लागणार. तसाच काळ होता तो."

"काळ सगळ्यांना सारखाच होता. शेजारच्या साळुंखेंनी नाही कुणाची हाडं मोडली."

"मी तुला शिकवलं, रेश्मा. ते तरी खरं ना? रोज स्टँडवर सोडलं. तुझा रिझल्ट लागला तेव्हा डेपोत पेढे वाटले मी. ते काय खोटं होतं?"

ते खोटं नव्हतं, हे रेश्माला ठाऊक होतं. पेढे खरे होते, त्या वेळचा त्यांचा चेहराही खरा होता. एक अट पाळता पाळता माणसाला त्या अटीचा अभिमान वाटू लागावा, तसं काहीतरी त्यांचं झालं होतं. मशीनमध्ये याचं माप नव्हतं, आणि तिच्याकडेही नव्हतं.

"शिकवलं आईनं. तुम्ही स्कूटर चालवलीत," ती म्हणाली. "मी सत्काराला येणार नाही."

परतताना एस.टी.त तिला रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही. तिला फक्त सारखं आठवत राहिलं, की आईला टेबलावर झोपवताना तिने एकदाही विचारलं नव्हतं, तुला हे कळायला हवंय का, आणि मला कळायला हवंय का.

दुसऱ्या दिवशी कामावर तिने एक लहानसा बदल सुरू केला. तपासणीआधी सोबतच्या माणसाला बाहेर बसवायचं, दार लावायचं आणि पेशंटला विचारायचं: तारखा लिहू, की नको? लिहिल्या तर कुणाच्या हातात देऊ? विभागप्रमुखांनी आधी कुरकुर केली, एका पेशंटमागे पाच मिनिटं जास्त जातात म्हणून. महिन्याभरात साठीपुढच्या बायका पुन्हा येऊ लागल्या, तशी कुरकुर थांबली. निम्म्या बायका 'नको' म्हणायच्या. रेश्मा त्या रकान्यात रेघ मारायची.

मालनबाई मिरजेत रमल्या असं म्हणता येणार नाही. सकाळी पाठीचा व्यायाम करायच्या, दुपारी टीव्ही बघायच्या आणि तीनदा खिडकीपाशी जायच्या. आण्णांचा रोज फोन यायचा. डाळ कुठे ठेवलीय, गोळी जेवणाआधी की नंतर, एवढंच. घरी ये असं ते म्हणाले नाहीत आणि येऊ का असंही विचारलं नाही. मालनबाई विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर द्यायच्या आणि फोन ठेवायच्या. डिसेंबर असा गेला.

चौदा जानेवारीला तासगावात सत्कार झाला. डेपोतली जुनी माणसं आली होती, दोनशे पानं उठायची होती. काय घडलं ते रेश्माला तिच्या आत्तेबहिणीने दुपारी पाठवलेल्या व्हिडिओत दिसलं. हार-शाल झाल्यावर धाकटे बंधू म्हणून आण्णांच्या हातात माईक दिला गेला. आण्णा शहात्तर वर्षांचे, आयुष्यात कधी चारचौघांत बोललेले नाहीत. त्यांनी खिशातून कागद काढला. भाषणाचाच असणार असं सगळ्यांना वाटलं. त्यांनी तो उघडला, त्यावर नजर टाकली आणि पुन्हा घडी घातली.

"माझी बायको आज इथं आली नाही," ते म्हणाले. "लोक मला विचारतायत, मालन का आली नाही. ते तात्याला विचारा. मी परदेशात होतो आणि घर ह्याच्या हवाली केलं होतं. ह्यानं तिची पाच हाडं मोडली. मी दीड-दोन महिने हे तोंडात धरून ह्याच्याच ताटाला ताट लावून जेवलो. माझंही चुकलं." माईक कुणाला द्यावा हे त्यांना कळेना. त्यांनी तो खुर्चीवर ठेवला. व्हिडिओत शेवटी तात्या दिसत होते, गळ्यात हार, मान खाली, आणि शेजारी रिकामी झालेली खुर्ची.

आण्णा चार वाजता मिरजेला पोचले. दार मालनबाईंनी उघडलं. रेश्मा नुकतीच कामावरून आली होती आणि आतल्या खोलीत होती. आण्णांच्या हातात एक बॅग होती, मस्कतहून आणलेली, चेन तुटलेली, सुतळीने बांधलेली.

"जेवलात का?"

"नाही."

"तिथं एवढं जेवण होतं."

"नको वाटलं."

मालनबाईंनी व्हिडिओ पाहिला होता. त्याबद्दल त्या काही बोलल्या नाहीत. "आत घेतेय म्हणून सगळं मिटलं असं समजू नका."

"नाही समजत."

"त्या घरात मी परत पाऊल टाकणार नाही."

"मीही कुलूप लावून आलोय."

त्या बाजूला झाल्या. आण्णांनी चपला काढल्या, हातपाय धुतले आणि स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसले. मालनबाईंनी भाकरीचं पीठ काढलं. तवा गॅसवर चढवला. नंतर रेश्माला वडिलांचा आवाज ऐकू आला. तो त्यांच्या नेहमीच्या आवाजापेक्षा खाली होता.

"फार दुखलं होतं का गं?"

आईचं भाकरी थापणं थांबलं. मग स्टूल सरकल्याचा आवाज आला, गॅस बंद केल्याचा आवाज आला, आणि मालनबाई सांगू लागल्या. अंगणवाडीच्या पहिल्या दिवसापासून. त्या दिवशी कुठली साडी नेसली होती, तिथून.

रेश्माने उठून आपल्या खोलीचं दार आवाज न करता लोटून घेतलं.